बाळाची तारीख कशी ठरते?

“शेवटची पाळी कधी आली होती?” कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय असो, राजारामपुरीतला खासगी दवाखाना असो, की शाहूवाडीतलं आडबाजूचं उपकेंद्र, दिवस गेलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. उत्तर मात्र दर वेळी तारखेत येतंच असं नाही. “जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अडचण आली हुती बघा,” असं कुणी सांगते. कुणाला नवरात्रात घट उठायच्या आदला दिवस आठवतो, कुणाला संक्रांतीचा आठवडा. ही आठवण कच्ची समजण्याचं कारण नाही. पाळीत देवाचं करायचं नाही अशी रीत ज्या घरात आहे, तिथे सणासुदीला आलेली पाळी बाईच्या पक्की लक्षात राहते. त्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर जाता आलं नाही, घटाला हात लावता आला नाही, हे ती विसरत नाही.

अडचण येते ती या आठवणीची इंग्रजी तारीख करताना. संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे ती १४ किंवा १५ जानेवारीला ठरलेली. जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेची, म्हणजे चंद्रावर चालणारी. २०२३ मध्ये चैत्र पौर्णिमा ६ एप्रिलला होती. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि पुढची चैत्र पौर्णिमा २३ एप्रिल २०२४ रोजी पडली. ‘यात्रा म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा’ असं गेल्या वर्षीच्या अंदाजाने धरलं, तर १७ दिवसांची चूक तिथेच होते. भिंतीवर चालू वर्षाचं कालनिर्णय असेल आणि आशाताईंनी ते बाईसमोर धरून बोट ठेवायला सांगितलं, तर हीच आठवण अगदी नेमकी तारीख देऊन जाते.

या एका तारखेवर पुढचं सगळं उभं राहतं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख मिळते. गर्भ खरं तर त्या दिवशी राहिलेला नसतो. २८ दिवसांनी नियमित पाळी येणाऱ्या बाईत स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि गर्भ त्यानंतर राहतो. पण गर्भ राहण्याचा क्षण कुणाला दिसत नाही, पाळी दिसते. म्हणून जगभरचे डॉक्टर पाळीपासून मोजतात आणि गर्भधारणेच्या वयात दोन आठवडे आधीचे धरले जातात. पाळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, की बाई त्याच दिवशी ‘चार आठवड्यांची’ गरोदर असते.

हे दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगायला हवेत. कोल्हापूर जिल्ह्यातली कितीतरी माणसं फौजेत आहेत. सैनिक टाकळीसारख्या गावाचं तर नावच त्यावरून पडलेलं. सुट्टीवर आलेला नवरा सहा आठवड्यांपूर्वी घरी होता आणि कागदावर मात्र ‘आठ आठवडे’ लिहिलेलं आहे, यात संशयाला जागा नाही. हिशोबाची रीतच तशी आहे. कागद हातात देताना हे एक वाक्य सांगितलं गेलं नाही, तर एखाद्या निरपराध बाईचं आयुष्य त्यापायी नासू शकतं.

२८० दिवसांचा हिशोब ज्या नियमाने करतात, त्याला जर्मनीतल्या हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांचं नाव मिळालं आहे. त्यांचा काळ १७७८ ते १८५१. त्यांच्याही आधी हॉलंडमधले वैद्य हर्मन बूरहावे यांनी असाच हिशोब मांडला होता. नियम सोपा आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यातून तीन महिने वजा करायचे, सात दिवस मिळवायचे, वर्ष पुढचं लिहायचं. २४ एप्रिल २०२४ रोजी पाळी आली असेल तर तारीख निघते ३१ जानेवारी २०२५. पण कुणी बोटावर एकेक दिवस मोजून २८० भरले, तर उत्तर येतं २९ जानेवारी. महिने कधी ३० दिवसांचे, कधी ३१ चे, फेब्रुवारी त्याहून आखूड. म्हणून नियमात आणि मोजणीत दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. दवाखान्यातलं गोल चक्र आणि मोबाइलमधलं अॅप वेगवेगळी तारीख दाखवतात, त्यामागे बहुतेक वेळा इतकंच असतं.

तीन महिने मागे जाणं म्हणजे नऊ महिने पुढे जाणं. तेव्हा नेगेले यांचा नियम म्हणजे नऊ महिने सात दिवस. आपल्याकडच्या आज्या पिढ्यान् पिढ्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत आल्या आहेत. इंग्रजी महिने धरले तर दोन्ही हिशोबांत फक्त दोन दिवसांचं अंतर राहतं. तिथीचे महिने धरले तर चित्र थोडं बदलतं: चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, असे नऊ महिने आणि वर नऊ दिवस मिळून २७५ दिवस होतात. आणखी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंतचा सरासरी काळ २६६ दिवस धरतात आणि नऊ चांद्रमास मोजले तर तेही २६६ च्या अगदी जवळ, २६५.८ दिवस भरतात. पौर्णिमा-अमावास्यांवर दिवस मोजणाऱ्या बायकांचा अंदाज फारसा हुकत नसेल, तर त्यात नवल नाही.

कोल्हापूरशी या विषयाचं एक जुनं आणि चटका लावणारं नातं आहे. आजच्या सीपीआरच्या जागी संस्थानकाळात आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होतं. तिथल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांना देऊ केली. आनंदीबाईंनी त्याच वर्षी ११ मार्चला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली होती आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांना झालेलं मूल दहाच दिवस जगलं होतं. हा विषय त्यांनी हाती घेतला तो हे सोसून झाल्यावर. कोल्हापूरच्या बायकांना त्यांचा हात लाभला नाही. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या.

ज्या परंपरेचा त्यांनी अभ्यास केला, तिनेही बाळंतपणाला एकच दिवस नेमून दिला नव्हता. चरकसंहिता नववा महिना लागल्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा काळ प्रसूतीचा मानते. सुश्रुतसंहिता नवव्यापासून बाराव्यापर्यंत कोणताही महिना सांगते आणि त्यापुढे गेलं तर विकार समजावा म्हणते. बाराव्या महिन्याची मुभा आज कुणी देणार नाही. पण बाळंतपणाचा एक काळ असतो, एकच नेमका दिवस नसतो, ही या ग्रंथांची दृष्टी आजच्या आकड्यांशीही जुळते.

नेगेले यांच्या नियमाला एक अट आहे: पाळी २८ दिवसांची हवी आणि बीज चौदाव्या दिवशीच सुटायला हवं. खऱ्या आयुष्यात असं किती जणींचं असतं? एखादीची पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं आणि नियमाने काढलेली तारीख आठवडाभर आधीची निघते. पीसीओएस हा बीजकोशांचा विकार असेल तर पाळीचा भरवसाच नसतो. पहिलं मूल अंगावर पीत असताना पाळी परत यायच्या आधीच पुन्हा दिवस गेले, तर मोजायला पाळीच नाही. गोळ्या बंद केल्यानंतरच्या महिन्यांतही बीज मागे-पुढे सुटू शकतं. आणि एक चकवा फार जणींना फसवतो. गर्भ रुजताना किंवा त्यानंतरच्या दिवसांत थोडं रक्त जातं, बाई त्यालाच पाळी समजते आणि सगळा हिशोब जवळजवळ महिन्याने चुकतो. ‘या वेळी पाळी अगदी कमी गेली’ असं बाई म्हणाली, तर विचारणाऱ्याने तिथे थांबून आणखी दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

गर्भ कधी राहिला हे नेमकं माहीत असण्याचा प्रसंग एकच: टेस्ट ट्यूब बेबी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशा तंत्राने मुलीचा जन्म झाला. या पद्धतीत बीज कधी काढलं, गर्भ कधी सोडला याची नोंद असते. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१ दिवस मोजायचे. पाळी आठवायची गरजच नाही. बाकी सगळ्यांसाठी दुसरा आधार शोधावा लागला, आणि तो सापडला ग्लासगोमध्ये.

स्कॉटलंडमधल्या या बंदराच्या शहरात डॉ. इयन डोनल्ड यांनी १९५०च्या दशकात बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातलं धातूच्या भेगा शोधणारं यंत्र पाहिलं आणि तेच ध्वनितंत्र पोटातल्या गाठी तपासायला वापरलं. १९५८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. ओतकामातले दोष असेच ध्वनिलहरींनी तपासतात, हे फौंड्रीच्या धंद्यात हयात घालवलेल्या कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. पुढे १९७३ मध्ये त्याच ग्लासगोत डॉ. ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून त्याचं वय काढता येतं, हे दाखवून दिलं. एका मोजमापावरून काढलेलं वय बहुतेक वेळा पाच दिवसांच्या आत बरोबर येत होतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘सीआरएल’ अशी तीन अक्षरं दिसतात ती या लांबीची. पाय त्यात धरत नाहीत, कारण ते दुमडलेले असतात. गर्भ फार आक्रसलेला किंवा ताणलेला असेल तर डॉक्टर तो सैल होईपर्यंत थांबतात आणि मग पुन्हा माप घेतात.

सहाव्या आठवड्यापासून नवव्याच्या मध्यापर्यंत तर हा हिशोब तोंडी करता येतो. मिलिमीटरमधल्या लांबीत ४२ मिळवले की गर्भाचं वय दिवसांत मिळतं. १६ मिलिमीटर लांबी असेल तर ५८ दिवस, म्हणजे आठ आठवडे दोन दिवस. बाराव्या आठवड्यापर्यंत हीच लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या जवळ पोचते. ८४ मिलिमीटरच्या पुढे ती वयासाठी वापरत नाहीत; मग डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड पाहावं लागतं.

इतक्या लवकर घेतलेलं माप इतकं बरोबर का येतं? सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. आई उंच की ठेंगणी, भरल्या घरातली की अर्धपोटी, याचा परिणाम त्या वेळी फार थोडा असतो. भाताच्या तरव्यातली पंधरवड्याची रोपं सारखीच दिसतात. लावण झाल्यावर ज्याच्या-त्याच्या शिवारातल्या माती-पाण्यावर पीक उंच की खुरटं ते ठरतं, तसंच हे. पाचव्या महिन्यानंतर वंशाची उंची, आईचं पोषण, रक्तदाब, वारेचं काम असं सगळं बाळाच्या मापात उतरतं. म्हणून तिसऱ्या महिन्यात पाच-सात दिवसांनी चुकणारा अंदाज सातव्या महिन्यानंतर तीन आठवड्यांनीही चुकू शकतो.

परदेशातल्या बाळांवरून काढलेली मापं आपल्या बाळांना चालतील का, ही शंका रास्त आहे. तिचं बरंचसं निरसन महाराष्ट्रातूनच झालं आहे. ‘इंटरग्रोथ-२१’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी जगातली आठ ठिकाणं निवडली होती: ऑक्सफर्ड, सिएटल, तुरीन, मस्कत, नैरोबी, बीजिंगजवळचं शुनयी, ब्राझीलमधलं पेलोतास आणि आपलं नागपूर. तब्येत आणि पोषण चांगलं असलेल्या, पाळीची तारीख पक्की आठवणाऱ्या बायकांच्या गर्भांची लांबी सगळीकडे एकाच रीतीने मोजली गेली आणि २०१४ मध्ये चार हजारांहून अधिक मापांवरून वयाचा तक्ता जाहीर झाला. पेलोतासमधला आणि नागपुरातला गर्भ सुरुवातीच्या आठवड्यांत सारख्याच चालीने वाढतो असं त्यात दिसलं. पुढच्या महिन्यांसाठी भारतीय बाळांवर बेतलेली सूत्रं तयार करण्याचं कामही चालू आहे. हरियाणातल्या गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या मातांच्या नोंदींवरून फरीदाबादची टीएचएसटीआय संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी असं एक सूत्र २०२४ मध्ये मांडलं.

आता त्या गोंधळाकडे वळू, जो जवळजवळ प्रत्येक घरात होतो. फाइलमध्ये तीन सोनोग्राफीचे रिपोर्ट असतात आणि तिन्हींवर तीन तारखा. पहिल्यावर ३१ जानेवारी, पाचव्या महिन्यातल्यावर २६ जानेवारी, आठव्यातल्यावर १२ फेब्रुवारी. सासूबाई विचारतात, “डॉक्टर तारीख सारखी बदलतायत का?” तारीख बदललेली नसते. यंत्र दर वेळी त्या दिवशीच्या मापावरून बाळाचं सरासरी वय काढतं आणि त्याचीच तारीख करून छापतं. आठव्या महिन्यात १२ फेब्रुवारी दिसणं म्हणजे बाळ उशिरा होणार असं नव्हे. बाळ सरासरीपेक्षा थोडं लहान आहे, हा त्याचा अर्थ. ते का लहान आहे, हे पाहणं डॉक्टरांचं खरं काम. त्या वेळी तारीखच पुढे ढकलली तर न वाढणारं बाळ कागदावर ठणठणीत दिसू लागतं आणि धोक्याची खूण हातातून निसटते. म्हणून नियम असा: पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने तारीख एकदा ठरली की ती बाळंतपणापर्यंत तीच ठेवायची.

पाळीची तारीख आणि पहिली सोनोग्राफी यांत कुणाचं ऐकायचं, यालाही ठरलेली मर्यादा आहे. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेला आणि आपल्याकडेही पाळला जाणारा नियम सांगतो की, नववा आठवडा भरायच्या आत दोन्हींत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल, किंवा तिथपासून चौदावा आठवडा भरेपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त, तर सोनोग्राफीची तारीख घ्यावी. फरक त्याहून कमी असेल तर पाळीची तारीखच कायम. म्हणजे बाईच्या आठवणीला आजही मान आहे.

पहिल्या सोनोग्राफीला लवकर जा याचा अर्थ पाचव्याच आठवड्यात धावा, असाही नाही. पाचव्या आठवड्यात साधारण गर्भाची पिशवी दिसते. अंकुर आणि हृदयाचे ठोके दिसायला सहावा उजाडतो. ज्या बाईचं बीज आठवडाभर उशिरा सुटलं, तिच्या पोटात पाळीच्या हिशोबाने सातव्या आठवड्यात सहाव्याचंच चित्र दिसणार. ‘ठोके नाहीत’ या दोन शब्दांनी घर हादरतं. डॉक्टरांच्या नियमानुसार गर्भाची लांबी सात मिलिमीटर झाली असूनही ठोके नसतील, किंवा पिशवी २५ मिलिमीटरची होऊनही आत अंकुर नसेल, तरच गर्भ गेला असं म्हणता येतं. त्याआधी सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचं असतं. हे दिवस काढणं अवघड असतं, पण त्या वाट पाहण्यात कितीतरी धडधाकट बाळं वाचतात. पोटात खूप दुखत असेल किंवा रक्त जात असेल तर मात्र थांबायचं नाही. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि तो जिवावर बेततो.

कोल्हापुरात ‘सोनोग्राफी’ या शब्दाला एक वेदनेची किनार आहे. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्येच केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी आकडे घसरत राहिले. तेव्हा २००९-१० मध्ये जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं उपकरण बसवायला लावलं आणि प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा ‘एफ’ फॉर्म ऑनलाइन भरायला लावला. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०११ मध्ये न्यायालयाने कोल्हापूरची ही पद्धत योग्य ठरवली.

या कडक पहाऱ्यामुळे काही घरांत असा समज बसला की, सुरुवातीची सोनोग्राफी करणंच गुन्हा आहे. तसं मुळीच नाही. त्याच ‘एफ’ फॉर्मवर सोनोग्राफीची जी कायदेशीर कारणं छापलेली आहेत, त्यांत अगदी वरच्या बाजूला गर्भाचं वय काढणं हे कारण आहे. शिवाय आठव्या-नवव्या आठवड्यात मुलगा आणि मुलगी यांची बाहेरची इंद्रियं सारखीच असतात. तारीख ठरवणारी ही तपासणी लिंगाबद्दल काही सांगूच शकत नाही. मुलींना वाचवणारा कायदा आणि आईला बरोबर तारीख देणारी सोनोग्राफी एकमेकांच्या आड येत नाहीत, हे गावोगावच्या बैठकांत मोठ्याने सांगायला हवं.

तारीख चुकली तर बिघडतं काय? कोल्हापूरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावने याचं उत्तर जगाला दिलं, आणि त्यासाठी जबर किंमत मोजली गेली. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे इंजेक्शन गावपातळीवर नेलं तर किती बाळं वाचतील, हे पाहण्यासाठी सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली गावं बेळगाव आणि नागपूर परिसरातली होती. २०१५ मध्ये निकाल छापून आले तेव्हा अभ्यासक हबकले. जिथे इंजेक्शनचा प्रसार केला, तिथे एकूण नवजात बालकांचे मृत्यू कमी न होता दर हजारामागे साडेतीनने वाढले होते. याची कारणं अनेक असतील, पण एक उघड दिसत होतं. खेड्यांत गर्भाचं वय इतकं अंदाजपंचे होतं की ज्यांचे दिवस कमी भरलेले नाहीत अशा कितीतरी बायकांना इंजेक्शन गेलं. लवकर जन्मलेली बाळं कोणती हेसुद्धा वयावरून सांगता येईना. म्हणून अभ्यासकांनी जन्माच्या वेळचं कमी वजन हाच निकष धरला होता.

मग जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी चाचणी घेतली. त्यात पाच देशांतली २९ रुग्णालयं होती आणि बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय पुन्हा सामील झालं. या वेळी अट होती की, गर्भाचं वय सोनोग्राफीनेच ठरलेलं हवं आणि ते २६ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान हवं. २०२० मध्ये निकाल आला: इंजेक्शन मिळालेल्यांत १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. औषध त्याच घराण्यातलं. वय नेमकं माहीत असलेल्या आईला, सोयी असलेल्या रुग्णालयात ते मिळालं, तेव्हा त्याने बाळं वाचवली.

हीच गोष्ट ठरवून केलेल्या सिझेरियनची. वैद्यकीय निकड नसेल तर ते ३९ आठवडे भरायच्या आत करू नये, असं डॉक्टर सांगतात. शुभ मुहूर्त काढून ऑपरेशनची वेळ धरणारी कुटुंबं शहरोशहरी आहेत. पण कागदावरची तारीख दोन आठवड्यांनी चुकली असेल, तर ३९व्या आठवड्यातलं म्हणून बाहेर काढलेलं बाळ प्रत्यक्षात ३७व्या आठवड्यातलं असतं आणि त्याला श्वासासाठी झगडावं लागू शकतं. पंचांग उघडण्याआधी पहिला रिपोर्ट उघडून पाहावा.

कायद्याचे हिशोबही आठवड्यांतच चालतात. मातृत्व रजेच्या कायद्यात २०१७ पासून, दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातले आठ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत काम करणारीला डॉक्टरांच्या दाखल्यावरची ती तारीखच रजेचा दरवाजा उघडते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या नोंदणीतही शेवटच्या पाळीची तारीख भरावी लागते. गर्भपाताचा कायदा तर आठवड्यांच्याच उंबरठ्यांवर उभा आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, विशिष्ट परिस्थितीत २४ पर्यंत दोघांचं लागतं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. २००८ मध्ये मुंबईचे डॉ. निखिल दातार एका जोडप्यासह उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मर्यादा २० आठवड्यांचीच होती. गर्भाच्या हृदयातला दोष ती मर्यादा उलटल्यावर कळला होता आणि परवानगी मिळाली नाही. अशा प्रकरणात आठवड्याभराची चूकही किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना पहिली सोनोग्राफी मिळतच नाही त्यांचं काय? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर येतात आणि फडातली बाई चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगतही नाही. नोंदणी गावाकडे, बाई इकडे, कार्ड कुठेतरी गाठोड्यात. अशा वेळी नर्सताई हातानेच अंदाज घेतात. गर्भाशयाचा वरचा काठ बाराव्या आठवड्यात ओटीपोटाच्या हाडाच्या वर लागतो, पाचव्या-सहाव्या महिन्यात बेंबीपाशी येतो आणि छत्तिसाव्या आठवड्यात छातीच्या हाडाखाली पोचतो. मधल्या काळात टेपने घेतलेलं सेंटिमीटरमधलं माप ढोबळमानाने आठवड्यांइतकंच असतं. बाळ पहिल्यांदा फिरल्याचं पहिलटकरणीला अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवतं, आधी बाळंतपण झालेलीला पंधरवडाभर लवकर. या खुणा ढोबळ आहेत, पण काहीच हाती नसताना त्यांचा आधार मोठा असतो. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर पाळीची तारीख लिहून ते बाईच्या सोबत देणं आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व तपासणीला फडावरच्या बायकांनाही नेणं, हे काम करणाऱ्या आशाताईंचं मोल फार आहे.

इतकं काटेकोर मोजूनही त्या ठरलेल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२५ बायकांच्या लघवीतल्या संप्रेरकांवरून बीज सुटल्याचा दिवस नेमका शोधला होता. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वगळल्यावरही सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा झालेल्या बाळंतपणात ३७ दिवसांचं अंतर निघालं. म्हणून ३७ आठवडे भरल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंतचा काळ दिवस भरलेला मानतात. त्यातही ३९ आणि ४० हे आठवडे बाळासाठी सर्वांत चांगले.

माहेरी आलेल्या लेकीची तारीख उलटली की शेजारपाजारचे फोन सुरू होतात आणि तिच्या जिवाची घालमेल होते. चाळीस आठवडे पूर्ण होऊन दोन-चार दिवस वर जाणं, विशेषतः पहिलटकरणीच्या बाबतीत, अगदी नेहमीचं आहे. त्या दिवसांत बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे ना हे आईने पाहायचं, कमी वाटली तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी ठोके व गर्भजल तपासून घ्यायचं. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा येण्यासाठी औषध द्यावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण त्यापुढे वार थकत जाते आणि बाळाचा धोका वाढतो. हे ४१ आठवडे मोजायचे ते तिसऱ्या महिन्याच्या आत ठरलेल्या तारखेवरून. आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवरून नव्हे. फाइल घेऊन माहेरच्या नव्या डॉक्टरांकडे जाताना तो पहिला, बहुधा सर्वांत जुना आणि चुरगळलेला कागद सगळ्यांत वर ठेवावा.